पदराखालचं वजन

मला भीती वाटली की हसू येतं. माहेरी हे सगळ्यांना ठाऊक आहे, सासरी हळूहळू कळत गेलं. बारावीचा निकाल लागायचा होता तेव्हा मी पोट धरून हसत होते. लग्नात अंतरपाट बाजूला झाला तेव्हा इतकी हसले की गुरुजींना मंत्र अर्ध्यावर थांबवावे लागले, आणि नवरा अजून विचारतो की माझ्यात असं काय दिसलं होतं. म्हणून आधीच सांगून टाकते, पुढं जे लिहिलंय ते घडत होतं तेव्हा मी बराच वेळ हसत होते. गावातली माणसं तुम्हाला ते तसंही सांगतील, तिखटमीठ लावून.

धाकट्या भावाच्या मुलाचं जावळ होतं. आमचं गाव संगमनेरहून अकोले-राजूरकडं जाताना लागतं. मी राहते नगरला, आणि नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात माल रवाना करायच्या विभागात काम करते. खोका काट्यावर ठेवायचा, वजन बघायचं, चिठ्ठी चिकटवायची, पुढचा खोका. दिवसभर हेच. त्यामुळं काहीही उचललं की माझ्या तोंडून वजन निघतं. भोपळा असो, सिलेंडर असो, कुणाची बॅग असो. सवय म्हणा, खोड म्हणा.

तर आदल्या संध्याकाळी मी गावी पोचले, भाचा दुडूदुडू धावत आला, मी त्याला उचललं आणि म्हणाले, "अरे बाप रे, चौदाच्या खाली नाही हा गडी."

आईनं पाठीत असा धपाटा घातला की माझ्या हातातून पोर निसटायचं बाकी राहिलं.

"लई शानी," ती म्हणाली. "दारात पाय ठेवला न्हाई की आली दिष्ट लावायला. कुटं हाय चौदा? काय खातं त्ये? चिमनीवानी चार दानं."

चिमणी तेव्हा माझ्या कडेवर बसून हातातली भाकरी चापत होती आणि दुसऱ्या हातानं माझ्या पर्समध्ये आणखी काही आहे का बघत होती.

आमच्याकडं लेकराला गुटगुटीत म्हणायचं नाही. वाळलंय म्हणायचं, अंगाला लागत नाही म्हणायचं. हाका मारायच्या त्यासुद्धा अशा, की ऐकणाऱ्याला वाटावं पोर उकिरड्यावर सापडलंय. आणि वजन तर मुळीच सांगायचं नाही. आकडा तोंडातून गेला की नजर लागलीच म्हणून समजा. हे गावात सगळेच थोडंफार पाळतात, पण आईनं त्यात पार टोक गाठलेलं. अंगणवाडीत मुलांना झोळीत बसवून वजन करतात ना, तिथं ती नातवाला स्वतः घेऊन जायची आणि झोळीखालून हळूच हात लावायची. काटा कमी दाखवायचा. अंगणवाडीच्या ताई बिचाऱ्या काळजीत पडायच्या आणि त्याला जादा खाऊ द्यायच्या. तो खाऊन तो आणखी वाढायचा, आणि पुढच्या महिन्यात आईला आणखी जोर लावून हात लावावा लागायचा. हे मला भावजयीनं हळूच सांगितलं. तिलाही हसू येत होतं, पण सासूच्या घरात ती ते गिळायला शिकली होती.

मला ह्या गोष्टीचा रागच येई. कारण हीच माझी आई रोज सकाळ-संध्याकाळ दूध घेऊन संकलन केंद्रावर जाते आणि तिथल्या काट्यावरचा आकडा पॉइंटपर्यंत तपासते. कॅन ठेवायच्या आधी काट्यावर शून्य आहे का ते बघते, नसेल तर तिथल्या माणसाला पुसायला लावते. दुधाचं वजन खरं पाहिजे. नातवाचं मात्र झाकून ठेवायचं.

जावळाच्या दिवशी सकाळी पोर किरकिरत उठलं. अंग कोमट लागत होतं. भावजय म्हणाली, "ताई, ताप वाटतोय का हो?" मी म्हणाले वाटतोय. आई म्हणाली ताप नाही, काल राजूरवरून आलेल्या बायकांनी दिष्ट लावली. राजूर भावजयीचं माहेर. मामा मंडळी जावळासाठी एक दिवस आधीच जीप भरून आली होती आणि त्यांच्यातली एकजण खरोखरच म्हणाली होती, "किती गोड गोळा झालाय." आईनं मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. त्या तडतडल्या नाहीत म्हणजे नजर केवढी मोठी, असं तिनं आम्हाला समजावून सांगितलं. भावजयीनं तापाचं औषध काढलं तर आई म्हणाली, अर्धंच दे, बारकं हाय ते. भावजयीनं अर्धंच दिलं.

मग मांडव, पाहुणे, पंगतीची गडबड. मामा नवा सदरा घालून पाटावर बसला, भाचा त्याच्या मांडीवर. न्हाव्यानं पाणी लावलं आणि एका बाजूनं वस्तरा फिरवायला सुरुवात केली. पोर रडेल म्हणून सगळ्या बायका टाळ्या वाजवायला तयार उभ्या होत्या. पण ते रडलंच नाही. अगदी गप्प बसून होतं. लोक म्हणाले, किती शहाणं आहे. डोक्याची उजवी बाजू स्वच्छ झाली, न्हावी डावीकडं वळला, आणि पोर ताठ झालं.

डोळे वर गेले. दात आवळले गेले. हातपाय झटके द्यायला लागले. मामानं "ए, ए," असं दोनदा म्हटलं, जणू ते मुद्दाम करतंय. मग मांडवात एकदम ओरडा झाला.

आणि मला हसू आलं.

मी तोंडावर पदर घेतला, उपयोग झाला नाही. तोंडातून नुसतं खी खी. तोवर मांडवातल्या प्रत्येकाकडं एकेक उपाय तयार होता. कांदा आला. कुणीतरी तो हातानंच फोडून नाकाशी धरला. दुसऱ्यानं पायातली चप्पल काढली आणि तीही नाकाशी आणली, म्हणजे एका नाकपुडीला कांदा आणि एकीला चप्पल. एक आजोबा दातात घालायला चमचा मागत होते आणि वाढपी त्यांना आमटीचा डाव देत होता. कुणी म्हणालं थंडी वाजतीय, गुंडाळा. मामानं आणलेली नवी शाल त्याच्यावर पडली, तिच्यावर घोंगडी, तिच्यावर आईचं लुगडं. तापानं फणफणलेलं पोर आम्ही असं बांधलं की पत्रावळीचा गठ्ठाही इतका घट्ट बांधत नाहीत.

बरं झालं, मामाला एकदम सुचलं. तो तसाच उठला आणि ते गाठोडं छातीशी धरून पळत सुटला. उपकेंद्र रस्त्याच्या कडेलाच, दूध संकलन केंद्राच्या समोर. त्याच्यामागं भाऊ, भावजय, आई, मी, आणि आमच्यामागं पंगतीतून उठलेली सगळी माणसं. न्हावीसुद्धा. त्याच्या हातात वस्तरा तसाच होता, कारण अर्धं जावळ सोडून चालत नाही, असं तो पळता पळता सगळ्यांना सांगत होता.

उपकेंद्रातल्या सिस्टर जेवायला बसल्या होत्या. एवढी माणसं आणि पुढं वस्तरा बघून त्यांना वाटलं मारामारी झाली. मग त्यांनी गाठोडं बघितलं आणि डबा बाजूला सारला. पोराला टेबलावर कुशीवर निजवलं. कांदा फेकला. चमचेवाल्या आजोबांना सांगितलं, तोंडात काहीही घालायचं नाही. आणि सगळ्यांना बाहेर काढून दाराला कडी घातली. आत राहिलो आम्ही घरचे आणि मामा. बाकीचं गाव खिडकीला लागलं.

त्यांनी तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. रेंज फक्त खिडकीच्या गजापाशी यायची, म्हणून फोन स्पीकरवर टाकून गजात अडकवला. त्यामुळं डॉक्टर जे बोलत होते ते आम्ही ऐकत होतो आणि बाहेरचं गावही ऐकत होतं. गाडी पाठवतो म्हणाले, पण यायला वेळ लागणार होता. तोवर झटका थांबायला हवा. एवढ्याशा थरथरत्या हाताला शीर सापडायची नाही, म्हणून नाकात फवारायचं औषध होतं, ते द्यायचं. ते सिस्टरांकडं होतं. सुई नको, काही नको, दोन नाकपुड्यांत फवारायचं. किती वेळा फवारायचं ते वजनावर.

"वय किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन पूर्ण," भावजय म्हणाली. "तिसरं चाललंय," मामा म्हणाला. "अडीच," भाऊ म्हणाला. "आत्ता कुटं दोन," आई म्हणाली. खिडकीतून कुणीतरी, आमच्या म्हशीला रेडकू झालं त्या दिवशीचा जन्म, असं कळवलं.

"वजन?"

भावजयीनं सासूकडं पाहिलं. भावानं आईकडं पाहिलं. खिडकीत तर राजूरच्या बायका पहिल्या रांगेत उभ्या होत्या.

"नऊ," आई म्हणाली. "असंल नसंल. अंगात काय हाय त्येच्या."

मी म्हणाले, "नाही, नाही, चौदा, चौदा आहे ओ," पण ते शब्द हसण्यात असे बुडाले की माझे मलाच ऐकू आले नाहीत. सिस्टर माझ्याकडं वळल्या. मी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला आणि पुन्हा खी खी झालं.

"तिचं काय ऐकता," आई म्हणाली. "ती दातं काढतीया. डोस्क्यावर परिनाम झालाय तिच्या."

"घरच्या सगळ्यांचं तेच म्हणणं आहे ना?" डॉक्टरांनी फोनवरून विचारलं. भाऊ हळूच "व्हय" म्हणाला. भावजयीनं मान खाली घातली. आता त्या डॉक्टरांचं काय चुकलं सांगा. वयाबद्दल चार मतं आणि वजनाबद्दल एकमत. त्यांनी एकमतावर भरवसा ठेवला. शिवाय आमच्या भागात दोन वर्षांचं मूल नऊ किलोचं असणं काही नवलाचं नाही, आणि सिस्टरांच्या पुढ्यातलं मूल तर तीन कपड्यांत गुंडाळलेलं, अर्धं टक्कल, फक्त तोंड बाहेर. नऊच्या हिशोबानं फवारा, ते म्हणाले. सिस्टरांनी फवारलं आणि घड्याळाकडं बघत उभ्या राहिल्या.

थांबलं नाही.

झटके तसेच येत राहिले. पोराच्या ओठांचा रंग मला आवडेना. भावजय टेबलाच्या कडेला धरून उभी होती आणि त्याच्या कानात काहीतरी पुटपुटत होती, अंगाई असेल नाहीतर शिव्या असतील. भाऊ भिंतीकडं तोंड करून उभा होता. मला आता हसू येत होतं ते थांबवावं म्हणून मी स्वतःचा हात चावला.

सिस्टरांनी कपडे सोडायला घेतले. लुगडं, घोंगडी, शाल. शेवटची शाल गेली आणि खालून माझा भाचा निघाला, मांड्यांना वळ्या, मनगटाला वळ्या, पोट असं की करदोटा त्यात रुतलेला. सिस्टर क्षणभर बघतच राहिल्या. मग त्याच्या काखेत हात घालून त्यांनी उचलून बघितलं.

"हे नऊ किलो?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "ताई, तुम्ही मघाशी काय म्हणत होता?"

मी बोटांनी दाखवलं. दहा आणि चार.

"डॉक्टर, वजन चुकीचं सांगितलंय," त्या गजाकडं तोंड करून म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, मग अंदाजानं नको, जास्त झालं तर श्वास मंदावतो आणि कमी झालं तर हे असं होतं, मोजून सांगा, पटकन. आणि उपकेंद्राचा काटा त्या दिवशी लसीकरणाच्या पेटीबरोबर वरच्या वस्तीवर गेलेला होता.

"समोर डेरी हाय की," मामा म्हणाला.

खिडकीतून एक माणूस मागं वळून पळाला. तो संकलन केंद्रावरचा माणूस. आमच्याच पंगतीतून उठून आलेला, हाताला भात तसाच. मी भाच्याला उचललं, सिस्टरांनी त्याचं डोकं धरलं, भावानं फोन हातात उंच धरला आणि आम्ही रस्ता ओलांडला. गावानं आम्हाला वाट दिली आणि लगेच आमच्यामागून आत शिरलं.

शटर वर गेलं. काट्याची पिन लावली. तो काटा सुरू झाला की आधी शून्यापासून नऊपर्यंत सगळे आकडे एकेक करून दाखवतो. रोज सकाळी कुणाचं लक्ष नसतं, त्या दिवशी प्रत्येक आकड्याला मला वाटत होतं की मशीन मुद्दाम छळतंय. पोराला नुसतं वर ठेवावं तर झटक्यांनी आकडा नाचणार. म्हणून सिस्टर म्हणाल्या, तुम्ही त्याला घेऊन उभ्या राहा, मग एकट्या उभ्या राहा, वजाबाकी करू.

तर मी भाच्याला घेऊन दुधाच्या काट्यावर चढले. मशीननं सवयीनं विचारलं, गाय की म्हैस. त्या माणसानंही सवयीनं म्हैस दाबलं आणि मग माझ्याकडं बघून म्हणाला, "माफ करा ताई, हात गेला." मी इतकी हसले की आकडा हलायला लागला. सिस्टर ओरडल्या, हसू नका, श्वास धरा. मी श्वास धरला. भाच्याचा पाय माझ्या पोटावर थडाथड आपटत होता आणि मी श्वास धरून उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

काट्याचा आकडा समोरच्या डब्यावर लाल अक्षरांत येतो, शेतकऱ्याला लांबून दिसावा म्हणून वीतभर मोठा. तो स्थिर व्हायला लागला, अख्खं गाव माना उंचावून वाचायला लागलं, आणि आई पुढं झाली. तिनं डब्यावर पदर टाकला.

मी असं काही आजवर पाहिलेलं नाही. नातू झटक्यानं तडफडतोय, लेक काट्यावर, फोनवर डॉक्टर "हॅलो, हॅलो" करतायत, आणि माझी आई दोन्ही हातांनी पदर पसरून आकडा झाकून उभी आहे.

"आजी, पदर काढा," सिस्टर म्हणाल्या.

"तुमी बगा की आतून," आई म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "सगळ्या गावाला कशाला दावायचा? आदीच लागलीया त्याला, आनखी किती लागू द्यायची?"

ती कापत होती म्हणून मला तिचा राग करता आला नाही. तिला खरोखर वाटत होतं की ती त्याला वाचवते आहे. सिस्टरांनी वाद घातला नाही. त्या वाकल्या आणि सरळ तिच्या पदरात शिरल्या. काट्याच्या डब्यावर एक पदर, त्याच्यातून बाहेर दोघींच्या पाठी. आत काहीतरी कुजबुज झाली. सिस्टरांचा चष्मा उपकेंद्रात जेवणाच्या डब्याजवळ राहिला होता, त्यांना आकडा धड दिसेना. आईनंच वाचून दाखवला, कानात. रोज दोनदा वाचणारी बाई ती. मग सिस्टरांनी भाच्याला माझ्याकडून घेतलं आणि मी एकटी उभी राहिले. तेही आईनंच वाचलं.

माझं एकटीचं वजन किती भरलं ते मी इथं लिहिणार नाही. त्याचा इथं काही संबंध नाही.

सिस्टर पदरातून बाहेर आल्या आणि भावाच्या हातातल्या फोनला म्हणाल्या, "चौदा किलो दोनशे, डॉक्टर." मग डॉक्टर म्हणाले, आणखी एवढं द्या. तिथंच, दुधाच्या कॅनांच्या मधे, सिस्टरांनी उरलेलं औषध नाकात फवारलं.

आकडा ऐकून गाव "चौदा" असं पुटपुटलं. मी आईकडं पाहिलं. तिनं पदर डब्यावरून काढला होता, पण तो खांद्यावर घ्यायचं तिला सुचत नव्हतं, तो तसाच हातात लोंबत होता. ती गावाकडं बघत नव्हती. नातवाच्या पायाकडं बघत होती.

पाय झटकत होता. मग जरा हळू झटकायला लागला. मग एकदा झटकला आणि मी पुढच्या झटक्याची वाट बघत राहिले, तो आला नाही. सिस्टर त्याच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकत होत्या. मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "घोरतोय."

खरोखर घोरत होता. अर्धं डोकं गुळगुळीत, अर्ध्यावर केसांचं झुडूप, आणि एवढ्याशा नाकातून घर्र घर्र. भावजय मटकन खाली बसली आणि हसायला लागली. दोन वर्षं गिळलेलं सगळं हसू त्या डेरीत बाहेर आलं. तिचं बघून मामा हसायला लागला, तो डेरीवाला, चमचेवाले आजोबा, सगळेच. मला मात्र हुंदका फुटला. मग भावजयीनं मला जवळ घेतलं आणि आम्ही दोघी तिथंच ओल्या फरशीवर बसून राहिलो, एक हसतेय, एक रडतेय, आणि गाडीचा भोंगा लांबून ऐकू येतोय.

गाडीत भावजय, आई आणि मी बसलो. मागून मोटरसायकलवर भाऊ आणि न्हावी, आणि त्यांच्यामागं राजूरची जीप. वाटेत आई नातवाचा पाय हातात धरून बसली होती. माझा आनंद मात्र पोटात मावत नव्हता. मी गाडीतल्या माणसाला सांगितलं की मी दुधाच्या काट्यावर उभी राहून आले. तो म्हणाला, फॅट किती लागली? मग संगमनेर येईपर्यंत मला आणि भावजयीला हसू आवरलं नाही.

दवाखान्यात तापाचं औषध, ओल्या फडक्यानं पुसणं, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, तापातला झटका आहे, लहान मुलांना येतो, घाबरू नका, पण अशा वेळी गुंडाळायचं नाही आणि वजन खरं सांगायचं. त्यांनी ते कुणा एकाला उद्देशून सांगितलं नाही. दुपार कलल्यावर पोर जागं झालं, आजूबाजूला बघितलं, स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला, एक बाजू आहे आणि एक नाही हे कळल्यावर भोकाड पसरलं. एवढं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. मग त्याला भाकरी पाहिजे झाली.

तिथली नर्स काटा घेऊन आली. रात्रीच्या औषधासाठी पुन्हा वजन करायचं होतं. भावजय त्याला काट्यावर बसवायला लागली तर आई म्हणाली, "थांब."

मला वाटलं, आता काय? माझा पारा चढायच्या बेतात होता. आईनं नातवाच्या गळ्यातला काळा दोरा काढला. त्यातला ताईत काढला. मामानं सकाळीच घातलेली चांदीची कडी दोन्ही हातांतून ओढून काढली. करदोटा रुतला होता, तो गाठ सोडून काढला. दृष्ट लागू नये म्हणून दोन वर्षं तिनं त्याच्या अंगावर जे जे चढवलं होतं ते सगळं तिनं स्वतःच्या ओच्यात बांधलं. पोर उघडंबागडं काट्यावर बसलं.

"आता मोजा," आई म्हणाली. "ह्ये सगळं धरून मोजलं तर औषद चुकायचं."

नर्स वाकायच्या आत तिनंच आकडा वाचला. मोठ्यानं, वॉर्डभर ऐकू जाईल असा. "तेरा किलो नऊशे." नर्सनं लिहून घेतलं. आईनं पुन्हा वाचला. आणि मग तिला कुणी थांबवू शकलं नाही. दोन वर्षांचं कौतुक साठलेलं होतं. घरचं दूध पितो म्हणाली. दोन भाकरी लागतात म्हणाली, आन् वर डाळ. पायरीवरून एकटा उतरतो, कुत्र्याला दरडावतो, माझ्याहून मोठा आवाज हाय त्याचा. चहा घेऊन आलेल्या माणसाला तिनं मांडी दाबून दाखवली. भावजय तोंडात पदर कोंबून हसत होती, मी खुलेआम हसत होते, आणि न्हावी दारातून विचारत होता की उरलेलं आत्ता काढू का.

शेजारच्या खाटेवर एक बाई तान्हं मूल घेऊन बसली होती. डोंगराकडची असावी. मूल शालीत गच्च गुंडाळलेलं. नर्स काटा घेऊन तिच्याकडं वळली आणि सहज म्हणाली, मागच्या वेळचं वजन किती होतं हो? त्या बाईनं शाल आणखी घट्ट ओढली, आमच्या सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि खाली मान घालून म्हणाली, "असंल काईतरी. बारीकच हाय."

आईचं बोलणं थांबलं. ती उठून त्या खाटेपाशी गेली आणि तिच्या शेजारी टेकली. आवाज तिनं एवढा खाली आणला, की मला पुढं वाकून ऐकावं लागलं.

"खरं सांग बाय," आई म्हणाली. "म्या माज्या नातवाचं पाच किलो लपवलं हुतं. औषदबी तेवढंच कमी पडलं त्याला."

ती बाई आईकडं बघत राहिली. मग तिनं शाल सोडायला घेतली.